वायनरीत जाताना बूट घाला

छोटी वायनरी म्हटल्यावर मंद दिवे आणि उंच ग्लास असं काहीतरी डोक्यात होतं. प्रत्यक्षात दारातच घोटाभर पाणी आणि नळी हातात धरून फरशी धूत उभे असलेले मालक. माझ्या चपला बघून त्यांनी गमबूट पुढे केले. "आमचं निम्मं काम धुण्याचंच," म्हणाले. तेव्हा पहिली सूचना: बंद बूट घाला, आणि अत्तर लावू नका. चव घेताना नाकच कामाला येतं.

जायचं तर द्राक्षतोडणीच्या हंगामात. एरवी नुसत्या बंद टाक्या बघायला मिळतात. मात्र आधी फोन करून वेळ ठरवा, कारण त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

मालकांनी द्राक्षाचा एक काळा मणी चिरडून दाखवला. रस जवळजवळ रंगहीन! रेड वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून ती सालींसकट आंबवतात. व्हाइटसाठी आधी रस पिळून साली बाजूला काढतात. मग दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्राच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरलं. २४ ब्रिक्स, म्हणजे रसाच्या वजनात साधारण २४ टक्के साखर. यीस्टनं, म्हणजे रस आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीनं, ती सगळी खाल्ली की १३-१४ टक्के अल्कोहोल तयार होतं. एवढं मोजून झाल्यावरही त्यांनी बी दाताखाली फोडून पाहिलीच. हिरवट, मऊ लागली तर तोडणीला अजून थांबायचं.

यीस्ट सालींवर आपोआप असलेलं की विकतच्या पाकिटातलं, यावर वाइनवाले तासन् तास वाद घालू शकतात. हे पाकीटवाले. "वर्षाची कमाई एका टाकीत असते, जुगार कशाला?" मला पटलं.

आंबणाऱ्या टाकीत कार्बन डायऑक्साइडमुळे साली वर येऊन जाड थर बसतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. नाहीतर सालींचा रंग रसात नीट उतरत नाही, शिवाय वरचा थर वाळून आंबूस होऊ लागतो. मी दांडा हातात घेतला आणि दहा दाबांत खांदे भरून आले. वाकून आत डोकावलो, तर मालकांनी दंड धरून मागे ओढलं. हा वायू हवेपेक्षा जड, बंदिस्त जागेत साचून राहतो आणि जीवही घेऊ शकतो. मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका.

लाकडी पिंपांच्या खोलीत फारसं घडत नाही. २२५ लिटरच्या पिंपातून वाइन हळूहळू उडत राहते, म्हणून वरून भर घालत राहायचं, एवढंच.

खरी मजा चवीची. बाटलीतल्या वाइनपेक्षा मला टाकीतला अर्धवट आंबलेला रस आवडला: गढूळ, गोड, जिभेवर चुरचुरणारा. सांगितल्याशिवाय कुणी देत नाही, मागून घ्या. रिकाम्या पोटी जाऊ नका, भांड्यात थुंकायला लाजू नका (तिथे सगळेच थुंकतात) आणि गाडी चालवणाऱ्यानं एक घोटही घेऊ नये.

बाटल्या घेतल्या तर थेट घर गाठा. मी वाटेत जेवायला थांबलो, गाडी उन्हात, बाटल्या डिकीत. परत येऊन बघतो तर एका बाटलीचं बूच अर्धा बोट वर आलेलं.