नेत्रपल्लवी, करपल्लवी आणि घरची वही

सोमवार, रात्र

घरातल्या माणसाची वाचा अचानक गेली की सगळे विचारतात, बोलणं परत येईल ना? त्याचं उत्तर डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट देतील, आणि तेही सावकाश. मला मात्र पहिल्या संध्याकाळीच दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो: या घरात न बोलता आजवर काय काय कळत आलं आहे? पाहुण्यांसमोर मुलाने तिसरा लाडू मागितला की आईचे वटारलेले डोळे. दाराबाहेर सासऱ्यांचं खाकरणं. ओट्यावर जरा जोरात आदळलेलं पातेलं. 'अहो' या एका हाकेचे चार-पाच सूर, त्यातला लाडाचा कुठला आणि रागाचा कुठला हे त्या अहोंनाच ठाऊक. हे सगळं भांडवल घरात पडून असतं आणि आजारपणात नेमकं तेच कोणी काढत नाही. बाजारातून चित्रांचा तक्ता येतो, त्यावर सफरचंद असतं, आणि माणसाला हवी असते पेज.

आधी एक फरक करायलाच हवा, नाहीतर मेहनत वाया जाते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन वाचाघात झाला असेल, तर भाषाच विस्कटलेली असते. शब्द सापडत नाही, सापडला तर भलताच, ऐकलेलं पुरतं लागत नाही, वाचणं-लिहिणंही बहुतेक त्याच्याबरोबर जातं. बुद्धी, माणसांची ओळख, आवडीनिवडी मात्र शाबूत असू शकतात. अशा माणसापुढे अक्षरांचा तक्ता धरणं म्हणजे जे गेलं तेच त्याच्याकडे मागणं. याउलट गळ्यात श्वासनळीत नळी घातलेली असेल, किंवा मेंदूच्या देठाला इजा झाली असेल, तर भाषा जागच्या जागी असते. साथ देत नाही तो फक्त आवाज, किंवा स्नायू. पहिल्याला घरच्या खुणा, घरचे शब्द, वस्तू, फोटो. दुसऱ्याला अक्षरंही.

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून हा विषय वैद्यकापुढे मांडला, त्या लेबोर्न्यला 'तां' एवढंच म्हणता यायचं, तेही बहुधा दोनदा: 'तां, तां'. पण सूर बदलून आणि हातवारे करून तो पुष्कळ सांगायचा. इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस, आणि ते बरोबर होतं. फार चिडला की तोंडून अख्खी शिवी स्पष्ट यायची. वाचाघात झालेल्या माणसाबद्दल जे जे समजून घ्यायचं, त्यातलं निम्मं या एका माणसात आहे.

मंगळवार

हो आणि नाही. सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आपल्याकडे होकाराचा 'हं' आणि नकाराचा 'अंहं'. आवाज क्षीण झाला की दोन्ही एकसारखे ऐकू येतात. मान डोलावण्याचंही तेच: आपली अर्धवट डोलणारी मान हो असते, बघू असते, 'तुला पाहिजे तसं कर' अशीही असते. त्यात वाचाघातात माणूस मनात नाही असताना हो म्हणून जातो, हे वारंवार होतं. मग घरात भांडण: 'आत्ता तर हो म्हणाले!'

म्हणून खूण ठरवून घ्यावी आणि तपासावी. उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक असलेले सहा प्रश्न घ्यायचे, तीन होकाराचे, तीन नकाराचे, क्रम उलटसुलट. 'आत्ता रात्र आहे का?' 'ही तुमची बहीण का?' सहाच्या सहा बरोबर आले तर दुपारी पुन्हा एकदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. तिन्ही वेळा जमलं तर ती खूण भरवशाची. सगळीच उत्तरं 'हो' आली तर खूण अजून बसलेली नाही. त्या अवस्थेत ऑपरेशनची संमती किंवा पैशाचे प्रश्न तिच्यावर सोडू नयेत.

प्रश्न कसा विचारतो यावरही खूप काही ठरतं. 'चहा नको ना?' याला होकार आला तर काय समजायचं? नकारार्थी प्रश्न बंदच करावेत. 'चहा की कॉफी?' हाही हो-नाहीचा प्रश्न नव्हे. त्यासाठी दोन्ही वस्तू समोर धराव्यात, हातभर अंतर ठेवून, आणि नजर किंवा बोट कुठे जातं ते पाहावं. महत्त्वाची गोष्ट दोन बाजूंनी विचारावी: 'दुखतंय का?' आणि थोड्या वेळाने 'बरं वाटतंय का?' दोन्हीला हो आलं तर उत्तर मिळालेलं नाही, एवढंच कळलं. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा आकडे मोजावेत. बहुतेक जण तिसऱ्या आकड्याला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, आणि समोरच्या माणसाला सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं. टीव्ही बंद. एका वेळी एकानेच बोलायचं.

पापणी मिटण्याची खूण सगळ्यांना आधी सुचते, पण माणूस आपोआपही मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. त्यामुळे साधी उघडझाप कामाची नाही. मुद्दाम दोन-तीन सेकंद मिटलेले डोळे, किंवा नजर वर. मेंदूच्या देठाला इजा होऊन सगळं शरीर जखडलं जातं तेव्हाही वर-खाली पाहणं आणि पापण्या बहुधा उरतात, डावी-उजवीकडची नजर जाते. म्हणून वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. हे कागदावर ठळक लिहून उशाशी लावावं. रात्रपाळीची सिस्टर वेगळी असते.

बुधवार, दुपार

वही. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे काम.

शंभर पानी साधी वही, पानावर तीन रकाने: खूण किंवा शब्द, त्याचा या घरातला अर्थ, आपण काय करायचं. तिसरा रकाना लोक वगळतात आणि तोच बदली माणसाला लागतो. उदाहरणार्थ, एखाद्या घरात 'टकटक' म्हणजे रिमोट, 'वरचं' म्हणजे माळ्यावरचा डबा नव्हे तर देवघर, गुडघ्यावर दोनदा थाप म्हणजे 'पुरे, पाहुण्यांना आता जाऊ द्या'. मग लिहायचं: थाप दिसली की पाच मिनिटांत खोली रिकामी करा, कारण विचारत बसू नका. हातवाऱ्यांसाठी डावाच हात गृहीत धरायचा, कारण डाव्या मेंदूच्या इजेत बहुधा उजवा हात लुळा असतो. उजव्या बाजूचं दिसणंही कधी कधी जातं. म्हणून वही, फोटो, कप, सगळं थोडं डावीकडे धरायचं. 'त्यांना आवडत नाही' असं ठरवण्याआधी हे करून पाहावं.

शब्द गोळा करायला घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवावं. नवऱ्याला एक माहीत, धाकट्या लेकीला दुसरं, आणि कामाला येणाऱ्या मावशींना तिसरंच, तेही पुष्कळदा सगळ्यात उपयोगी. एकाच खुणेचे दोन अर्थ निघाले तर घरच्यांनी बहुमताने निकाल लावू नये. दोन्ही अर्थ एकेक करून त्या माणसापुढेच ठेवावेत.

फोटोंखाली नावं लिहिताना कागदोपत्री नाव लिहू नये. आजारी बाई ज्याला 'अहो' म्हणत आली त्याच्या फोटोखाली 'अहो'च. 'भाऊजी', 'माई', 'बाळ्या', जे तिच्या तोंडी होतं ते. वाचता येत नसलं तरी दाखवणारा ते मोठ्याने म्हणणार असतो, आणि तिच्या कानाला तीच हाक ओळखीची असते.

बाळबोलीबद्दल मला तीव्रपणे वाटतं. सत्तरीच्या माणसाला 'मम हवं का', 'गाई करायची का' असं विचारणं हा अपमान आहे आणि त्याला तो कळतो. घरात ते शब्द थोरामोठ्यांतही प्रेमाने चालत होते, तर ठेवा. आजारपणामुळे नव्याने आणू नका.

आणखी एक: आरती, पाढे, वारांची नावं, एक ते दहा, शिव्या. असं पाठ झालेलं बोलणं पुष्कळदा उरतं. सोमवार-मंगळवार धाडधाड म्हणणाऱ्याला 'आज कोण वार?' विचारलं तर सांगता येत नाही, आणि घरचे म्हणतात, मनात आणलं तर बोलतात! तसं नाही, ती वेगळी वाट आहे. तिचा उपयोग होतो: शुक्रवार सांगायचा तर सोमवारपासून म्हणत यायचं आणि तिथे थांबायचं. सुरावर शब्द बसवून, डाव्या हाताने ठेका धरून शिकवण्याची पद्धत बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी १९७३ साली मांडली. ती ठरावीक रुग्णांनाच लागू पडते, तेव्हा थेरपिस्टला विचारून करावी.

गुरुवार

भाषा शाबूत असलेल्यांसाठी. गळ्यात नळी असताना लोक ओठांवरून ओळखू पाहतात. प, ब, म ओठांवर एकसारखे दिसतात, क-ग दिसतच नाहीत. 'बाबा' आणि 'मामा' यांत ओठांना काही फरक नाही, 'पाय' आणि 'माय' यांतही नाही. चार वेळा चुकीचं ओळखलं की आजारी माणूस तोंड फिरवतो.

आपली वर्णमाला मात्र या कामासाठी फार सोयीची आहे. जुन्या करपल्लवीत, म्हणजे हाताच्या खुणांनी बोलण्याच्या पद्धतीत, अक्षरांचे आठ गट होते: अहिफण म्हणजे स्वर, कमल म्हणजे क-वर्ग, चक्र च-वर्ग, टंकार ट-वर्ग, तरू त-वर्ग, पल्लव प-वर्ग, यौवन य-वर्ग, शृंगार श-वर्ग. हाताच्या खुणेने गट, बोटांनी गटातलं कितवं अक्षर, चुटकीने मात्रा. हीच रचना पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर बसते. ए-फोर आकाराची शीट, मधला भाग कोरा, कडेने आठ जागा, प्रत्येक जागी एक गट. दोघांच्या चेहऱ्यांमध्ये, आजारी माणसापासून दीड-दोन फुटांवर धरायची. तो आधी गटाकडे पाहतो, मग मध्ये तुमच्याकडे, मग अक्षराच्या क्रमांकाच्या जागेकडे. त्यासाठी जागांना एक ते आठ आकडेही द्यायचे. 'चहा' म्हणजे तिसरी जागा, पहिलं. आठवी जागा, चौथं. मात्रा सोडून द्यायच्या. 'प', 'ण' एवढं आलं की पाणी का, असं विचारावं. नसेल तर पुढे. ङ आणि ञ काढून टाकले तरी चालतं, पण इतरांचे क्रम बदलू नयेत, पाठ असलेली रांग मोडते. स्वर जास्त आहेत, म्हणून तिथे अ, आ, इ, उ, ए, ओ एवढेच ठेवावेत.

डोळे हलत नसतील, एकच खूण उरली असेल, तर तुम्ही गट म्हणत जायचं, हरेक गटानंतर दोन-तीन सेकंद थांबायचं. हव्या गटाला त्याने खूण करायची, मग त्यातली अक्षरंही तशीच. दहा-पंधरा मिनिटांत माणूस थकतो. तेव्हा 'नंतर पुरं करू' अशी खूण वहीत आधीच असलेली बरी, आणि अर्धा शब्द कागदावर लिहून ठेवावा.

शनिवार

भिंतीवर काय लावायचं हे त्या माणसाला विचारावं. पाणी, कूस बदला, लघवी, दुखतंय, डॉक्टरांना बोलवा, हे सगळ्यांसाठी. पण नवरा-बायकोच्या, मायलेकींच्या काही खुणा दोघांपुरत्याच असतात. त्या भिंतीवर आल्या की नर्सिंग ब्युरोतून आलेली बाईही त्या करू लागते आणि त्यांचा अर्थ जातो. अशा खुणा वहीच्या वेगळ्या पानांवर, आणि त्याही होकार मिळाल्यावरच.

महिन्यातून एकदा वही त्यांच्यासमोर वाचून काढावी. चालत नाहीत त्या खुणा खोडाव्यात, नव्या झालेल्या तारखेसकट लिहाव्यात. नव्या होतातच, आजारपणातही घर शब्द घडवत राहतं. कालपर्यंत भरवशाची असलेली खूण आज एकाएकी चुकू लागली, चेहरा वाकडा झाला, दुसरा हात पडला, तर तो पक्षाघाताचा नवा झटका असू शकतो; वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून न्यावी. रिपोर्टांच्या फायलीत सगळ्यात वर एक पान कायम ठेवावं: हो कसं, नाही कसं, कुठल्या बाजूने बोलायचं, चष्मा आणि कानाचं यंत्र लागतं का. वहीचं पहिलं पान झेरॉक्स करून तेच लावलं तरी पुरतं.