गाडी समपातळीत, तरी मागच्या दोन्ही स्प्रिंगा तुटलेल्या

रत्नागिरीहून आलेली स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया कॉम्बी. लांब डिकीची गाडी, हंगामात आंब्याच्या पेट्या वाहणारी. तक्रार एकच: गतिरोधकावरून उतरताना मागून ‘खट्ट’ वाजतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये मागचे दोन्ही शॉकअप बदलून झाले होते, आवाज तसाच होता.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजली. डावीकडे 348 मिमी, उजवीकडे 352. चार मिलिमीटरच्या फरकावरून कोणी स्प्रिंगवर संशय घेत नाही, आणि इथेच आधी फसगत झाली असणार. एक स्प्रिंग तुटली की तो कोपरा बसलेला दिसतो. दोन्ही तुटल्या तर गाडी सरळच दिसते, फक्त मागून थोडी खाली. रिकाम्या गाडीची शेपूट बसलेली असेल तर दोन बाजूंची आपसात तुलना करून भागत नाही.

मागचा भाग उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतला, चाकं लोंबती सोडली आणि स्प्रिंगच्या खालच्या वाटीत बोट फिरवलं. शाबूत स्प्रिंगचं टोक सपाट, बोथट लागतं. इथे दोन्हीकडे धारदार कड लागली. चिखलात रुतलेले तुकडे स्क्रूड्रायव्हरने काढले. डावीकडचा जवळजवळ पाऊण वेढ्याचा, उजवीकडचा अर्ध्याचा. उजव्या तुकड्याचं तोंड पूर्ण तपकिरी, म्हणजे तो मोडून बरेच दिवस झाले होते. डाव्याच्या कडेला नखाएवढा काळपट डाग आणि बाकी भाग करडा, चमकता. तो डाग म्हणजे आधीपासून असलेली चीर. उरलेला भाग अलीकडे एका दणक्यात गेला. आवाज तिथून सुरू झाला.

मोड बहुतेक वेळा खालच्याच वेढ्यात येतो. वाटीत माती आणि खारं पाणी साचतं, खडे तारेवरचा रंग उडवतात, गंजाचा एक खड्डा पडतो. स्प्रिंगची तार सतत पिळली जात असते. पिळाचा सगळा ताण त्या खड्ड्याशी एकवटतो आणि चीर वाढत जाते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे लवकर होतं.

या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागत नाही. तुटक्या स्प्रिंगला तो लावूच नये, पकड निसटते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गिअर पहिला, हँडब्रेक सोडलेला, म्हणजे केबल ताणली जात नाही. बीमखाली (मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) जॅक देऊन शॉकअपचा खालचा बोल्ट काढायचा, दोन्ही बाजूंचा. एकाच बाजूचा काढला तर बीम पिळतो आणि स्प्रिंग निघता निघत नाही. बोल्ट बुशच्या (शॉकअपच्या टोकातल्या रबरी जोडाच्या) नळीत गंजून बसतो. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं; गॅसची ज्योत टाळली, कारण बुशचं रबर जळतं. मग जॅक सावकाश खाली. या वेळी नजर ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर हवी. बीमचं वजन त्यांच्यावर लटकलं की नवीन खर्च उभा राहतो. शेवटचे काही सेंटिमीटर टॉमीने (लांब पहारीने) बीम दाबून स्प्रिंग बाहेर आली.

सुट्या भागांच्या दुकानातून आलेली पहिली जोडी परत केली. व्हर्निअरने तार मोजली तर जुन्यापेक्षा बारीक होती, म्हणजे साध्या ऑक्टाव्हियाची. कॉम्बीला मागे जास्त वजन पेलणारी स्प्रिंग लागते. जुनी तुटलेली असल्याने उंचीवरून ताळा बसत नाही आणि रंगाचे पट्टे पुसलेले होते. अशा वेळी डिकीत स्टेपनीच्या खळग्यातलं स्टिकर आणि चॅसिस नंबर यांवरूनच मागणी द्यावी. आणि कायम जोडी बदलावी, एक बाजू शाबूत असली तरी.

वाट्या तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक रंग देऊन सुकू दिल्या. रबरी बैठका फाटल्या होत्या, त्याही नव्या घातल्या. नवीन स्प्रिंगखाली जुनं रबर ठेवलं तर आवाज परत येतो. स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या अडणीला टेकलंय याची हाताने खात्री केली. ते सरकलेलं राहिलं तर पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग फिरून जागा घेते आणि उंची बदलते.

बोल्ट घातले ते फक्त हातघट्ट. नट नवे. शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उतरवून, दोनदा दाबून हलवल्यावरच दिला. चाकं लोंबत असताना आवळलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधीच्या गॅरेजने बसवलेल्या शॉकअपचे बुश अशाच आवळण्याने चिरलेले दिसले, महिन्याभरातले नवे असून! चाकांचे बोल्ट 120 न्यूटन-मीटर.

नंतरचं माप डावीकडे 374, उजवीकडे 375. मागचा भाग अडीच सेंटिमीटर वर आला, म्हणून हेडलाइटचे झोत खाली पडत होते. तेही भिंतीवर लावून घेतले. आठवड्याने स्प्रिंगा बसल्या की उंची, बोल्ट आणि चाकांची अलाइनमेंट पुन्हा तपासायला गाडी आणायला सांगितलं आहे.