उकळत्या आंबोणात मी यीस्ट टाकत होते

मागच्या वेताची कालवड बाराव्या दिवशी हगवणीनं गेली. आमचं गाव औसा तालुक्यात; उन्हाळ्यात टँकरचं पाणी, चारा म्हणजे ज्वारीचा कडबा न् सोयाबीनचं भुसकट. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेताला गाय गाभण असतानाच लक्ष घालायचं.

सातव्या महिन्यात गाय आटवली, म्हणजे दूध काढणं थांबवलं. व्यायला तीन आठवडे राहिले तेव्हा डॉक्टरांनी जिवंत यीस्टचा पुडा दिला. पाव फुगवतात त्याच जातीचं हे यीस्ट. शेवटी शेवटी गाय कमी खाते, आणि व्याल्यावर आपण पेंड एकदम वाढवतो. पोटात आम्ल होतं. यीस्ट पोटात शिरलेला ऑक्सिजन वापरून टाकतं, म्हणून कडबा पचवणारे जिवाणू टिकतात.

आठ दिवस काहीच फरक दिसेना. डॉक्टरांना फोन लावला.

"ताई, आंबोण शिजवून देता का?"

देत होते. गाईचं हे शिजवलेलं खाद्य चुलीवरून उतरवलं की वाफाळत्या आंबोणातच पुड्यातलं माप टाकायचे.

"मग ते मेलंच की सगळं."

फार वाईट वाटलं. आठ दिवसांचं यीस्ट वाया गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मूठभर कोरड्या पेंडीत कालवून आधी तेच द्यायला लागले. चार-पाच दिवसांत गव्हाणीत कडबा उरेनासा झाला, बसली की निवांत रवंथ.

रात्री दोनला व्याली. कालवडच! आत्याबाई म्हणाल्या, "वार पडू दे, मग चीक काढ." मागच्या वेळी तेच केलं होतं, वासरामागून बाहेर येणारी ती वार पडेपर्यंत ऊन वर आलं होतं. गाईच्या वारेतून वासराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि ती ओढून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासानं घटत जाते, दिवसभरात संपतेच. मी एवढंच म्हटलं, "आत्या, मागचं लेकरू आठवा." त्यांनी मुकाट्यानं बॅटरी धरली. अर्ध्या तासात दोन लिटर चीक पाजला, सकाळी पुन्हा. नाळेला आयोडीन लावलं.

कालवड आता तीन महिन्यांची आहे, एकदाही हगवण नाही. हे सगळं यीस्टनंच केलं असं मी म्हणणार नाही. वेळेवरचा चीक मला त्याहून मोठा वाटतो. यीस्टचा एक कणही मी तिला दिला नव्हता. पण आई शेवटपर्यंत नीट खात राहिली, चीक दाट आणि भरपूर उतरला, हे मी माझ्या हातानं पिळून पाहिलंय.

दुसरी गाय पुढच्या महिन्यात व्यायची आहे. पुडा आणून रांजणाशेजारी गारव्याला ठेवलाय. आत्याबाईंनी बॅटरीत नवे सेल घातलेत.