सॉकेटमध्ये राहिलेलं टोक

चवथ, रात्री उशिरा

आरतीच्या शेवटी प्रदक्षिणेसाठी सगळे जागच्या जागी गरकन फिरले आणि कुणाचा तरी कोपर कॅमेऱ्याला लावलेल्या माइकच्या पिनवर बसला. वायर खाली लोंबकळली ती अर्धीच पिन घेऊन. बाकीची अर्धी कॅमेऱ्याच्या पोटात. कोपर कुणाचा याची चौकशी करण्यात अर्थ नाही. गोव्यातल्या माशेलच्या आमच्या घरात चवथीला गावभरचे लोक जमतात, आणि कोपर माणसांच्या दुप्पट असतात.

खरी पंचाईत नंतर कळली. पिन आत गेली की स्वतःचा माइक बंद करायचा आणि बाहेरच्या माइकचं ऐकायचं, ही कॅमेऱ्याची रीत. टोक आतच असल्यामुळे त्याला वाटतंय की माइक अजून लावलेलाच आहे. चित्र स्वच्छ, आवाज नाही. मधूनच बारीक गुणगुण, बस.

बाहेरचा माइक हवा होता तो आरतीतल्या घुमट या वाद्यासाठी. मातीच्या घड्याचं एक तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरं उघडं. डाव्या तळव्याने ते उघडं तोंड झाकत-उघडत वादक आवाज फिरवतो. कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकला हे झेपत नाही. जोराची थाप पडली की तो सगळाच आवाज दाबतो, मग दचकून वर आणतो, आणि ऐकू येतात ती फक्त कासाळी, म्हणजे झांजा. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. घोरपडीच्या कातड्याऐवजी बकऱ्याचं आल्यापासून जुन्या लोकांची कुरकुर आहे की तो नाद राहिला नाही. आमच्या घरचे वादक आता साठी-सत्तरीचे. त्यांचं वाजवणं एकदा तरी नीट नोंदवून ठेवायचं, एवढाच बेत होता.

पंचमी

बाजार बंद. चवथीच्या दिवसांत गोव्यात स्क्रू ड्रायव्हर विकत मिळाला तरी नशीब.

पणजीच्या एका दुकानदाराला फोन लावला. त्याने कॅमेरा न बघताच निकाल दिला, "बोर्ड बदलावा लागेल, आठवड्याने या." तो अगदीच चुकीचं बोलत नसावा. काही कॅमेऱ्यांत हे सॉकेट कडेच्या छोट्या बोर्डावर असतं, काहींत थेट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेलं, आणि मग खर्च भलताच होतो. पण अर्ध्या सेंटिमीटरच्या तुकड्यासाठी बोर्ड?

घरात मात्र उपायांना तोटा नाही. भाच्याने फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं. पिन आतून पितळेची, वर नुसता मुलामा, तिला चुंबकाचं काय सोयरसुतक! वहिनींनी सुई दिली. सुईने टोक हललं, पण आतल्या बाजूला, म्हणून ती लगेच परत केली. आतेभाऊ तर फेविक्विकची ट्यूब घेऊनच बसला होता. काडीला थेंब लावायचा, आत टेकवायची, ओढायची. त्याला ट्यूबचं झाकणही उघडू दिलं नाही. फेविक्विक पाण्यासारखं पातळ. फटीत शिरलं की तुकडा आणि सॉकेट एकजीव. शिवाय ते घट्ट होतं हवेतल्या ओलाव्याने, आणि भाद्रपदात इथे ओलाव्याची काय कमी! काडी जागेवर पोचायच्या आत चिकटून बसायची. वर त्याच्या वाफेचा पांढरा थर जवळच्या काचेवर बसतो, आणि इथे तर लेन्स चार बोटांवर.

कॅमेरा उघडण्याचा विचारही आला आणि गेला. अंगात फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यातला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ तसाच राहतो. सणासुदीला झटका खायची हौस नाही.

षष्ठी

दुपारी पातोळ्यांवर ताव मारून काका ओटीवर आडवे झाले होते. काकांनी उमेदीत फोंड्याला रेडिओ दुरुस्त केले. पोर्तुगीज अमलात पणजीचं रेडिओ केंद्र ‘एमिसोरा दी गोवा’ होतं त्या काळातले मोठे व्हॉल्व्हचे रेडिओसुद्धा त्यांच्या हाताखालून गेलेत. कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला तर त्यांनी तो बघितलाच नाही. म्हणाले, "बाहेर आलेला तुकडा कुठाय?"

तो मी वायरीसकट बाजूला टाकला होता. आणून दिला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, तुकडा डोळ्याशी धरला आणि म्हणाले, "आत काय राहिलंय ते हा सांगतो. आत डोकावून काय दिसणार तुला?"

मग व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, आली. अशी पिन १४ मिलिमीटर लांब. बाहेरचा तुकडा आठ भरला, म्हणजे आत सहा. बाहेरच्या तुकड्यात मागची धातूची नळी शाबूत होती आणि तिच्या मधोमध बारीक दांडी तुटल्याची चकाकती खूण. काकांनी कागदावर पिन काढून दाखवली. ही पिन अखंड नसतेच. मधून एक बारीक पितळी दांडी, तिच्या पुढच्या टोकाला तो बोंडासारखा भाग. दांडीवर प्लास्टिकची नळी, तीवर कडं, पुन्हा प्लास्टिक, आणि सगळ्यांवर मागची जाड नळी. टोकातून डाव्या बाजूचा आवाज जातो, कड्यातून उजव्या, मागची नळी दोघांची सामाईक. बाजूने दणका बसला की दांडी तुटते ती सहसा कडं आणि मागची नळी यांच्या मधल्या प्लास्टिकपाशी. आमची तिथेच तुटली होती. म्हणजे आत टोक आणि कडं, आणि आपल्याकडे तोंड करून एक सपाट प्लास्टिकची चकती.

"आणि ते अडकलेलं नाहीये," काका म्हणाले. मला हे पटेना, तेव्हा उठून त्यांनी माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढायला लावला. डब्यात ट्रान्झिस्टरमधून काढलेली सॉकेट. एकाची बाजू उघडी होती. त्यात धड पिन घालून बघितली तर सगळं लख्ख दिसलं. बोंडाच्या मागे पिनला एक बारीक कंबर असते, आणि त्या कंबरेत एक पितळी पाकळी अलगद येऊन बसते. टक् आवाज येतो तो तिचाच. पिन धरून ठेवते ती पाकळी, बाकी काही नाही. सरळ मागे ओढलं की ती वर उचलते आणि सोडून देते. अडचण एवढीच की ओढायला हाताशी काही उरलेलं नाही. कालपासून सगळे जण आत काहीतरी खुपसून उचकटायच्या गोष्टी करत होते, आणि उचकटलं तर वाकली असती नेमकी ही पाकळी.

मग काम सोपं झालं, निदान काकांच्या मते. संपलेल्या बॉलपेनची प्लास्टिकची रिफिल घेतली. माळ्यावरच्या सॉकेटमध्ये घालून बघितली, कडेला न घासता जात होती. शाई असलेला भाग कापून टाकला, टोक ब्लेडने काटकोनात कापलं आणि बारीक पॉलिश पेपरवर घासलं. रिफिलवर आठ मिलिमीटरवर पेनाने खूण केली, म्हणजे तुकड्याला टेकली की कळेल. चिकटवायला अ‍ॅराल्डाइट. दोन ट्यूबा कालवून होणारा तो गोंद जाड असतो, वाहत नाही आणि त्याची वाफही त्रास देत नाही. रात्रभर थांबावं लागतं, पण षष्ठीच्या रात्री आम्हाला कुठे जायचं होतं?

गोंद किती, यावरून मात्र काकांनी मला दोनदा हटकलं. रिफिलच्या कडेला फक्त चमक दिसावी इतकाच. त्याहून जास्त असेल तर कागदावर टिपून काढायचा. कॅमेऱ्याची बॅटरी काढली, कारण या सॉकेटमधून माइकसाठी दोन-तीन व्होल्ट येत असतात. मग कॅमेरा कुशीवर, सॉकेट खाली येईल असा दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवला आणि रिफिल खालून वर सरकवली. जास्तीचा गोंद ओघळलाच तर बाहेर ओघळेल, आत नाही. खूण सॉकेटच्या तोंडाशी आली. रिफिलखाली काडेपेटी टेकवली, भाच्याला दम दिला आणि खोलीला कडी घातली.

सप्तमी

सकाळी चहाआधीच काका खोलीत. ओढायचं कुणी? "तुझा कॅमेरा, तूच ओढ. पिळू नकोस, हलवू नकोस. सरळ."

सरळ ओढलं. आधी नुसता ताण, रिफिल लांबते की काय असं वाटलं. मग टक्, आणि रिफिल हातात, तिच्या टोकाला ते बोंड. त्याच्या कंबरेपाशी हिरवट डाग होता. आमच्या खाऱ्या दमट हवेत पितळेचं हेच होतं, आणि दांडी आधीच कुठेतरी कमजोर झाली असणार, असं काकांचं मत. मला त्यात कोपरवाल्याला वाचवायचा प्रयत्न दिसतो. दाट संशय त्यांच्याच जावयावर आहे.

कॅमेरा चालू केल्यावर पडद्यावरच्या आवाजाच्या दोन्ही पट्ट्या नाचायला लागल्या, म्हणजे अंगचा माइक परत आला. पण तेवढ्यावर भागत नाही. पाकळी वाकली असेल तर एक बाजू मुकी होते आणि ते एरवी लक्षातही येत नाही. भाच्याचा माइक लावला, हेडफोन घातला, आधी डावीकडून टाळी, मग उजवीकडून. दोन्ही आल्या.

संध्याकाळी एक दुकान उघडलं तिथून काटकोनात वळलेली पिन आणि हातभर जोडवायर आणली. आता कॅमेऱ्यातून पिन बाहेर डोकावतच नाही. वायरीचा एक वेढा सैल ठेवून ती ट्रायपॉडला बांधून टाकलीय. धक्का लागला तर तो बांधलेल्या जागी बसेल.

रात्रीची आरती नोंदवली आणि काकांना हेडफोनवर ऐकवली. डोळे मिटून पूर्ण ऐकली त्यांनी. मग हेडफोन काढून म्हणाले, "कासाळी फार पुढे आलीत. आणि तो ढोलावरचा शामेळवाला घाई करतो, हे मी गेली वीस वर्षं सांगतोय."

उद्या विसर्जन. माइक खांबाच्या पलीकडे, शामेळाच्या बाजूला लावणार आहे.