डिझेल गाडीचे हीटर प्लग : निदान आणि दुरुस्तीचा माझा अनुभव

डिसेंबरमध्ये ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, विशेषतः येऊरच्या डोंगराला लागून असलेल्या वसाहतींत, पहाटेचा पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. त्याच सुमारास आमची डिझेल गाडी सकाळी चालू होताना त्रास देऊ लागली. सेल्फ (स्टार्टर) बराच वेळ मारावा लागे, आणि इंजिन एकदाचे धरले तरी पहिले अर्धे मिनिट ते जोराने हादरत राही व कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर पार्किंगभर पसरे. गाडी गरम झाली की मात्र दिवसभर किल्ली फिरवताच चालू होत असे.

एका गॅरेजमध्ये मला चारही नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, बदलण्याचा सल्ला मिळाला. तो मी स्वीकारला नाही, कारण तेथे मीटर लावून कोणी काहीच मोजले नव्हते. नोझल गळत असले किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण) कमी झाले असले तरी सकाळी अशीच लक्षणे दिसू शकतात, हे खरे. पण त्रास केवळ थंड इंजिनाला होत असेल, तर आधी ग्लो प्लग, म्हणजे मेस्त्री ज्यांना हीटर प्लग म्हणतात ते, तपासणे अधिक सयुक्तिक आणि कितीतरी स्वस्त असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन थंड असताना हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) आणि सिलिंडरचे धातू यातली बरीच उष्णता शोषून घेतात. ती तूट हीटर प्लगचे टोक काही सेकंदांत आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापून भरून काढते. ठाण्याच्या हवेत वर्षातले बहुतेक महिने ही तूट इतकी कमी असते की एखादा प्लग जळाला तरी कॉमन रेल (उच्च दाबाने डिझेल फवारणारे) इंजिन निमूटपणे चालू होते. त्यामुळे आपल्याकडे प्लग एकामागून एक निकामी होत जातात आणि ते कळते दोन-तीन गेल्यावर, तेही थंडीत किंवा महाबळेश्वरला मुक्काम केल्यावर. डॅशबोर्डवरच्या पिवळ्या वेटोळ्याच्या दिव्यावर विसंबून राहू नये, कारण अनेक गाड्यांत तो ठरलेला वेळ पेटतो आणि विझतो. प्लग खरोखर तापला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. आमच्या गाडीतही तो नियमाप्रमाणेच पेटत होता.

वागळे इस्टेटमधल्या ज्या मेस्त्रींकडे मी गेले, त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, बॅटरी मोजली का?" बॅटरीचा विद्युतदाब १२.६ व्होल्ट भरला आणि सेल्फ मारतानाही तो दहाच्या खाली गेला नाही. मग त्यांनी प्लगची वायर सोडवून, किल्ली चालू करून वायरच्या टोकाशी दाब पाहिला. तो बॅटरीच्या जवळपास होता, म्हणजे फ्यूज आणि रिले (प्लगांना वीज सोडणारा स्विच) यांच्यात दोष नव्हता. हे मोजल्याखेरीज प्लग बदलले असते आणि दोष रिलेत निघाला असता, तर नव्या प्लगचा काहीच उपयोग झाला नसता.

यानंतर प्रत्येक प्लगचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध आधी पाहायचा आणि आलेल्या आकड्यातून तो वजा करायचा, ही बारीक गोष्ट त्यांनी मला आवर्जून दाखवली. कारण चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास असतो आणि तेथे पिनांचे ०.२ ओहमही फरक पाडतात. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे प्लग ०.८ आणि ०.९ ओहम दाखवत होते. मधल्या दोन्ही प्लगांवर मीटरने काहीच वाचन दिले नाही, म्हणजे आतली तार तुटलेली होती.

खरी कसोटी प्लग काढण्यात असते. इतकी वर्षे हेडमध्ये बसलेल्या प्लगभोवती काजळी घट्ट धरते, आणि दहा मिलिमीटर आट्याचा प्लग साधारण ३५ न्यूटन-मीटरच्या पुढे जोर लावल्यास तुटू शकतो. तुटलेला तुकडा काढण्यासाठी ड्रिल करावे लागते आणि ते जमले नाही तर हेडच उतरवावे लागते. म्हणून आदल्या संध्याकाळी प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडले. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण तापवून, भोवतालची धूळ हवेच्या झोताने उडवून, लांब गोटी (सॉकेट) आणि किती जोर लागतो ते दाखवणारा टॉर्क पाना लावला. मेस्त्री पाव फेरा सोडवत, किंचित मागे घेत, पुन्हा तेल सोडत. तिसरा प्लग करकरला, तेव्हा त्यांनी हात थांबवला आणि इंजिन पुन्हा तापवले. बाहेर आल्यावर त्याचे टोक फुगलेले आणि एका बाजूने तडकलेले दिसले. असे टोक तुटून सिलिंडरमध्ये पडले तर पिस्टनचे नुकसान होते, त्यामुळे ते वेळीच निघाले याचे मला फार समाधान वाटले.

चारही प्लग एकाच वयाचे असल्याने चारही बदलले. भोकांतली काजळी रीमरने (भोक खरवडण्याच्या हत्याराने) साफ केली आणि नवे प्लग आधी हाताने, मग टॉर्क पान्याने १५ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळले. जुन्या चांगल्या प्लगांपैकी एक मेस्त्रींनी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून बॅटरीवर तापवून दाखवला, तेव्हा काही क्षणांत त्याचे टोक लालभडक झाले. ही चाचणी फक्त बारा व्होल्टच्या धातूच्या प्लगवर करावी. काही नव्या गाड्यांतले प्लग ४.४ किंवा ७ व्होल्टचे असतात आणि ते थेट बॅटरीवर जळून जातात. शेजाऱ्यांनी सुचवलेला स्टार्टिंग स्प्रे मी टाळला होता, तेही येथे नोंदवते, कारण तापलेल्या प्लगमुळे ईथरची वाफ अवेळी पेटून इंजिन फुटण्याचा धोका असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा विझल्यावर सेल्फ मारला आणि इंजिन लगेच, न हादरता, धुराशिवाय चालू झाले. नव्या प्लगांचे रोध मी सर्व्हिस बुकात लिहून ठेवले आहेत आणि दर नोव्हेंबरात ते पुन्हा मोजायचे ठरवले आहे.