चाकाला पडलेला आठ

परवा व्हिडिओ कॉलवर नणंदेने शेवटी विचारलंच, "म्हणजे पंक्चर काढायला शिकतोय का तो? आणि त्यासाठी जर्मनी?" लेक शेजारीच जेवत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आत्या, पंक्चर पहिल्या आठवड्यातच झालं," आणि उरलेली पोळी घेऊन आत गेला.

गिम्नाझियम सोडून तो सायकल दुरुस्ती शिकतोय, हे लिहू का, असं त्याला विचारलं होतं. नाव नको, फोटो नको, दुकान कुठलं ते नको, बाकी लिही म्हणाला.

आम्ही कार्ल्सरुहेत राहतो. तो सतरा वर्षांचा. गेल्या उन्हाळ्यापर्यंत गिम्नाझियममध्ये होता, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत. त्या शाळेचं नाव मी सांगलीच्या नातेवाइकांना किती वेळा ऐकवलं असेल, आठवलं की कसंसंच होतं. नववीत त्याचं सकाळी उठणं बंद झालं. आळस, मोबाइल, वय, सगळं म्हणून झालं. मराठीत आपण नैराश्य म्हणतो, पण तो शब्द ऐकला की मला खिडकीत उदास बसलेला कुणी कवी दिसायचा. माझ्या पोराला दात घासणं होत नव्हतं. ब्रशवर लावलेली पेस्ट तशीच वाळून गेलेली मला दोनदा सापडली.

इथे मुलाला नुसतं घरी ठेवता येत नाही. शाळा सक्तीची, घरी शिकवणं कायद्यात बसत नाही, आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट नसलं की पत्रं यायला लागतात. थेरपीचा नंबर लागायला पाच महिने गेले. मग औषध, आणि दर बुधवारी थेरपी. शाळेतल्या एका बैठकीत शिक्षक म्हणाले, बुद्धी आहे, इच्छा नाही. मी मान डोलावली. तो बाजूलाच बसला होता. शिक्षकांचं सोडा, ती माझी मान मला अजून टोचते.

शाळेकडून आठवडाभर कुठेतरी काम करून बघायचं असतं. वर्गातल्यांनी बँका शोधल्या, सॉफ्टवेअर कंपन्या शोधल्या. याने काहीच शोधलं नाही, म्हणून मीच ओळखीच्या एका सायकल दुकानात शब्द टाकला. पाचपैकी चार दिवस गेला. पाचव्या दिवशी उठला नाही. पण लागोपाठ चार दिवस! आमच्याकडे तेव्हा तो सणच होता.

पुढे दहावीनंतर शाळा सोडतो म्हणाला तेव्हा थेरपिस्ट बाईंनी हो केलं नाही आणि नाहीही. मन तळाला असताना एवढा मोठा निर्णय नको, सहा आठवड्यांनी पुन्हा विचारीन, म्हणाल्या. सहा आठवडे मी देव पाण्यात ठेवले, की याने विचार बदलावा. नाही बदलला.

या शिक्षणाला इथे आउसबिल्डुंग म्हणतात. त्याच्या कोर्सचं नाव भलतंच भारदस्त आहे, त्स्वायराडमेकाट्रोनिकर, म्हणजे दुचाकी दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, साडेतीन वर्षांचा. करार दुकानाशी होतो. तो अठराच्या आतला, म्हणून त्यावर आमच्याही सह्या. काही दिवस दुकानात, काही दिवस व्यवसायशाळेत, म्हणजे शाळा काही पूर्ण सुटत नाही. वर पैसेही मिळतात, २०२५ मध्ये सुरू झालेल्या कराराला पहिल्या वर्षी महिना किमान ६८२ युरो. मात्र सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त चार महिने, पारखण्याचा. तेवढ्यात दोघांपैकी कुणीही करार मोडू शकतं.

मला धास्ती त्या चार महिन्यांची. आजाराचं तिथे बोलू नकोस, सांगायची सक्तीही नाही, असं मी त्याला बजावलं होतं. त्याने पहिल्या भेटीतच सांगून टाकलं. मालकांनी विचारलं, जमणार नाही त्या दिवशी फोन करशील? हो म्हणाला. नोव्हेंबरात दोनदा करावा लागला. एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "आज नाही जमणार", एवढंच वाक्य, पण ते म्हणायला त्याला पाऊण तास लागला होता.

सायकलने डिप्रेशन गेलं, असं कुणी समजू नका. गोळी चालू आहे, बुधवार चालू आहे.

मी मात्र बरेच दिवस ढाल घेऊन फिरत होते. पुढे माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा दिली की विद्यापीठातही जाता येतं, २००९ पासून तशी सोय आहे, हे मी प्रत्येकाला न विचारता सांगायची. शेवटी तोच म्हणाला, "आई, तू मला फिरवून फिरवून पुन्हा तिथेच नेऊन बसवतेस." तेव्हापासून बंद केलं. माझा मामा आयटीआयचा फिटर, किर्लोस्करवाडीला नोकरी. आमच्या घरात हे नेहमी आवाज खाली करून सांगितलं जायचं, आणि घरातली मोटर मात्र त्यानेच दुरुस्त करायची.

माझ्या वडिलांना यातलं काहीच समजवावं लागलं नाही. त्यांनी जन्मभर सायकल चालवली. त्यांनी एकच विचारलं, "आऊट काढता येतो का रे?" लेकाला शब्द कळेना. मग त्यानेच शोधून काढलं, आपल्याकडे वाकडं झालेलं चाक 'आऊट' होतं, जर्मनीत चाकाला 'आख्टर' पडतो, म्हणजे आठ. आबांना आठ भलताच आवडला. मग त्याने फोन टेबलावर टेकवून त्यांना काम दाखवलं. चाक स्टँडवर लावायचं, फिरवायचं, रिम कुठे घासते ते बघायचं. उजवीकडे झुकली तर डावीकडच्या तारा आवळायच्या, उजव्या तेवढ्याच सैल सोडायच्या. पाव फेरा, जास्त नाही. एकाच तारेमागे लागलं की चाक दुसरीकडून बिघडतं. वीस मिनिटं दोघं बोलत होते. वर्षभरात तो कुणाशी इतका बोलला नव्हता.

ताईंना मात्र पुढच्या कॉलवर सांगणार आहे, सायकलचा पूर्वज बनवणारा कार्ल फॉन ड्राइस याच गावात जन्मला, १८१७ मध्ये त्याने ती मानहाइमला चालवून दाखवली. त्याने त्यांचं समाधान होणार नाही, ते सोडा.

काल तळघरातून वर आला आणि म्हणाला, "आई, तुझ्या मागच्या चाकाला आठ आहे. किती दिवस तशीच चालवतेस?"

"तीन वर्षं झाली असतील."

"शनिवारी आण दुकानात. पण नंबर लावून यायचं."