गाडीचा भाव ठरवताना

दसऱ्याच्या आधी लातूरला नवी गाडी घ्यायला गेलो, तेव्हा विक्रेत्याने ‘ऑन-रोड’ म्हणजे सगळा खर्च धरून एकच आकडा सांगितला. मी मात्र एक्स-शोरूम म्हणजे फक्त गाडीची किंमत, रस्ता कर, विमा आणि इतर शुल्क वेगवेगळे लिहून मागितले. त्या कागदावर ‘हँडलिंग चार्जेस’ या नावाखाली 8,500 रुपये निघाले, ज्यांचा नोंदणीशी काहीही संबंध नव्हता. आग्रह धरल्यावर ते वगळण्यात आले.

खरी घासाघीस विम्यावर झाली. नव्या खासगी कारला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) 2018 पासून बंधनकारक आहे, परंतु तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरून आणलेले तेवढ्याच संरक्षणाचे कोटेशन पुढे ठेवताच शोरूमच्या एकूण विम्याचा हप्ता 11,000 रुपयांनी उतरला. रस्ता कर सरकारी, तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मोंढ्यात सोयाबीनला क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त मिळावेत म्हणून दिवसभर थांबणारी आमची माणसे लाखोंच्या गाडीचा भाव पाच मिनिटांत मान्य करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. नांदेडहून त्याच मॉडेलचा लेखी भाव मी आधीच आणला होता. तो दाखवल्यावर सवलतीचा आकडा वाढला, आणि जुन्या साठ्यातली गाडी नको म्हणून उत्पादनाचा महिना तपासूनच मी बुकिंगची रक्कम भरली.